इटलीत समुद्राकाठच्या गावात भाड्याचं घर आणि रेझिडेन्सी (राहत्या पत्त्याची सरकारी नोंद), मदत हवी आहे

बायकोला जेनोव्हात रिसर्चची जागा मिळालीय, सप्टेंबरपासून. शहरात भाडी जास्त म्हणून आम्ही जवळच्या रेक्को गावात बघतोय (हो, तेच चीजवाल्या फोकाच्या ब्रेडवालं), लोकल ट्रेनने ये-जा जमते, गाडी घेणार नाही कारण आपलं लायसन्स तिकडे बदलून मिळत नाही.

अडचण अशी की समुद्राजवळचे घरमालक ऑक्टोबर ते मेपर्यंतच द्यायला तयार, जूनपासून त्यांना टुरिस्ट हवेत, ४+४ वर्षांचं (चार वर्षं आणि पुढे आणखी चार) काँट्रॅक्ट म्हटलं की रिप्लायच बंद. एकजण 'त्रान्झितोरियो' (तात्पुरतं, ठरावीक मुदतीचं काँट्रॅक्ट) करायला तयार आहे, रजिस्टरही करेल म्हणतो, पण कोम्यूनेत (नगरपालिकेत) रेझिडेन्सी लावू नका ही अट. त्याचा टॅक्स वाढतो म्हणे, खरंखोटं तोच जाणे.

कोदिचे फिस्काले (इटलीचा टॅक्स नंबर) मुंबईच्या कॉन्सुलेटमधून झालंय. पोहोचल्यावर ८ वर्किंग डेजमध्ये पोस्टातून पेर्मेस्सोचं (राहण्याच्या परवान्याचं) अर्जाचं किट भरायचं हेही माहितीये, सुरुवातीला युनिव्हर्सिटीचं गेस्ट हाऊस आहे पण थोडेच दिवस. एजंटला विचारलं तर तो फक्त कमिशनचं बोलतो. मागच्या डोंगरातली गावं सुचवू नका प्लीज, शेवटच्या बसचे वांधे आहेत.

ज्यांनी लिगुरियात (जेनोव्हा-रेक्कोचा हा भाग) किंवा अशा टुरिस्ट गावात हे केलंय त्यांनी सांगा, त्रान्झितोरियोवर कोम्यूने रेझिडेन्सी देतं का, मालकाची ती अट काँट्रॅक्टमध्ये लिहिली तरी चालते का, आणि पेर्मेस्सो हातात यायच्या आधीच जूनमध्ये घर बदललं तर नवा पत्ता नक्की कुठे कळवायचा, क्वेस्तूरात (पोलीस कार्यालयात) की पोस्टात?