भिंतीतला पाइप सडला, भुर्दंड कोणी सोसायचा?

पौडरोडवाला
भाड्याचा टू बीएचके, इमारत जुनी. बाथरूमची ओल आता बेडरूमच्या भिंतीवर आली आहे. पोपडे सुटतात, कपाटामागे बुरशी. खालच्या मजल्यावरच्या काकू दर रविवारी वर येऊन मोबाइलवर त्यांच्या छताचे फोटो दाखवतात. प्लंबरचं म्हणणं, भिंतीतली जीआयची (जस्त चढवलेल्या लोखंडाची) लाइन जॉइंटला सडली आहे, टाइल फोडावी लागेल. मालकांचं उत्तर: "करारात लिहिलंय, किरकोळ दुरुस्ती तुमची."
माझं मत सरळ आहे. नळाचा वॉशर, जेट स्प्रे, बेसिनखालचा कनेक्शन पाइप माझा. टाइलच्या मागे जे आहे ते मालकाचं. काम करून घेतो आणि बिल भाड्यातून वळतं करतो. चुकतंय का काही?

दोन_फ्लॅट
चुकतंय. मीही मालक आहे, तुमचा नव्हे, तरी शिव्या बसणार हे माहीत आहे. पण ओल एका रात्रीत बेडरूमपर्यंत येत नाही. पहिला डाग दिसला तेव्हा कळवलं होतं का? बहुतेक जण डागासमोर कपाट सरकवतात आणि घर सोडताना "हे आधीपासूनच होतं" म्हणतात. दुसरं, प्लंबर तुमचा, बिल माझं, हे कसं चालेल? फोडलेल्या टाइलच्या जोडीची टाइल वीस वर्षांनी बाजारात मिळत नाही. मग एका भिंतीवर ठिगळ दिसतं आणि पुढचा भाडेकरू त्यावरून भाडं पाडून मागतो.

पौडरोडवाला
कळवलं होतं, पावसाळ्याच्या आधी, व्हॉट्सॲपवर. निळ्या टिका आहेत, उत्तर नाही.

कलमवाली
वळतं करायच्या आधी थांबा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९, कलम १४: उलट करार नसेल तर घर राहण्याजोगं ठेवणं मालकावर बंधनकारक. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही वाजवी मुदतीत त्याने हालचाल केली नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून कापू शकतो. मर्यादा, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांश.
आता मेख. तुमचा करार अकरा महिन्यांचा 'लीव्ह अँड लायसन्स' असणार. म्हणजे तुम्ही कायद्याच्या भाषेत भाडेकरू नाही, परवानाधारक. कलम १४ भाडेकरूंसाठी आहे. तुमच्या बाबतीत कराराचा मजकूरच बोलणार. तो इथे टाका, नावं खोडून.

चाळीतली_मधू
वा! भाडं बाजारभावाने घ्यायचं, डिपॉझिट घ्यायचं, आणि पाइप फुटला की "तुम्ही भाडेकरूच नाही". सडलेली लाइन 'किरकोळ' कुठल्या शब्दकोशात बसते ते मालकांनीच सांगावं.

सेक्रेटरीकाका
भांडण नंतर. आधी पाणी कुठलं ते शोधा, कारण प्लंबर पाहिल्या-पाहिल्या "लाइन गेली" म्हणतात. दुसरं बाथरूम असेल तर एक-दोन दिवस तेच वापरा. गळक्या बाथरूमला कुलूप, पण त्याच्या पाण्याचा व्हॉल्व चालूच. तरीही काकूंकडे ठिपकत राहिलं तर भिंतीतली पाण्याची लाइन. जीआय आतून गंजतो आणि आट्यांच्या जागी आधी पातळ होतो, त्यामुळे प्लंबर खराही असेल. न वापरता ओल सुकायला लागली तर नहाणी ट्रॅप (फरशीतल्या जाळीखालचं सांडपाण्याचं भांडं) किंवा वॉटरप्रूफिंग. तिथे पाइप बदलून काडीचा उपयोग नाही. फक्त पावसातच वाढत असेल तर बाहेरची भिंत.
पैसेही त्यावरच ठरतात. डक्टमधली (इमारतीच्या उभ्या पाइपांच्या मोकळ्या जागेतली) सामाईक लाइन आणि बाहेरून झिरपणारं पावसाचं पाणी सोसायटीच्या खर्चात. फ्लॅटच्या आतल्या संडास-बाथरूमची गळती सभासदाच्या. आणि सभासद म्हणजे मालक, तुम्ही नव्हे. तेव्हा काकूंना फोटो तुम्हाला दाखवू नका म्हणावं, लेखी तक्रार सोसायटीला द्या. सोसायटीचं पत्र मालकाच्या घरी गेलं की व्हॉट्सॲपपेक्षा लवकर उत्तर येतं. अनुभव आहे.

दोन_फ्लॅट
म्हणजे सोसायटीकडून दमदाटी! माणसासारखं बोलून प्रश्न सुटत नाहीत का? मला कोणी नीट म्हटलं की "काका, दोन प्लंबरचे अंदाज पाठवतो, तुम्ही ठरवा," तर मी त्याच दिवशी पैसे पाठवतो.

चाळीतली_मधू
तुम्ही पाठवत असाल. निळ्या टिकांचं काय?

पौडरोडवाला
करार पाहिला. 'किरकोळ दुरुस्ती' एवढंच आहे, व्याख्या नाही. काकू आजच अर्ज देताहेत. मी फोटोंसह मेल आणि स्पीड पोस्टने पत्र पाठवतो, १५ दिवसांची मुदत आणि दोन अंदाज जोडून. तोवर भाडं पूर्ण भरणार, म्हणजे कोणाला बोट ठेवायला जागा नको.

दोन_फ्लॅट
हे बरोबर. काम सुरू झालं की भिंत उघडल्यावर फोटो काढा आणि सडलेला तुकडा भंगारात देऊ नका. आणि निम्मं-निम्मं करायची तयारी ठेवा, वाद तिथेच मिटतो.

पौडरोडवाला
तुकडा ठेवतो. निम्मं देणार नाही.