मदत हवी आहे: तंबूचे दोर रात्रीत ढिले पडतात. गाठ चुकते की दोर?

नमस्कार मंडळी,

मी बेळगावात राहते. सुगी संपल्यावर माझी 13 वर्षांची मुलगी आणि 10 वर्षांचा भाचा यांना घेऊन खानापूर तालुक्यात मामांच्या शेतात पहिल्यांदाच तंबू टाकला. पोरांना थेट जंगलात जायचं होतं. पण भीमगड 2011 पासून अभयारण्य आहे, तिथं वनखात्याच्या परवानगीवाचून मुक्काम करता येत नाही, शिवाय त्या पट्ट्यात अस्वलं आहेत. म्हणून पहिली रात्र घरच्या शेतात, मामांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. एवढं एक बरोबर ठरवलं. बाकी बरंच चुकलं.

तंबू चार माणसांचा, घुमटासारखा, वर पावसाचं वेगळं आवरण. जागा घेतली मलप्रभा नदीकडच्या बाजूची, भात कापलेलं खाचर, अगदी सपाट. संध्याकाळी सगळे दोर तारेसारखे ताणले होते. रात्री एकच्या सुमाराला वारा सुटला आणि आवरण फडफडायला लागलं. टॉर्च घेऊन बाहेर आले तर चारही दोर लोंबतायत, एक खुंटी उपटलेली. पुन्हा ताणायचे तर माझ्या निरगाठी सुटेनात. नखं दुखेपर्यंत सोडवल्या, बांधल्या, तासाभरात पुन्हा तेच. पहाटे धुकं उतरलं, ओलं आवरण आतल्या कापडाला चिकटलं आणि थेंब गळायला लागले. भाच्याचं अंथरूण भिजलं. तो रडला नाही, गप्प बसून राहिला. मला तेच जास्त लागलं.

सकाळी मामांनी दोर चिमटीत धरला आणि म्हणाले, "ह्या दोरात दम नाही गं. आणि असं बांधतंय काय कोण?" गाठ दाखवतो म्हणाले, पण गुरांच्या धारा राहिल्या होत्या.

दोर बाजारातला साधा नायलॉनचा. रात्री हाताने ताणता येईल अशी गाठ कोणती? जमीन वरून कडक, आत ओली, अशा ठिकाणी खुंटी कशी ठोकायची? आणि आत पाणी आलं कुठून, पाऊस तर नव्हताच. पोरं पुन्हा येतो म्हणतायत, तेव्हा या वेळी नीट शिकूनच जायचं आहे.

प्रतिसाद 1

ताई, दोरही चुकला आणि गाठही. नायलॉन पाणी पितो आणि ओला झाला की लांबतो. संध्याकाळी कोरडा ताणलेला दोर दवाने ढिला पडणारच. पॉलिएस्टरचा विणलेला दोर घ्या, 3-4 मिलिमीटर जाडीचा पुरे. सुती दोराचं उलट असतं, तो भिजला की आखडतो आणि खुंटी उपटतो, म्हणून तोही नको. रंगीत प्लास्टिकचा गुळगुळीत दोर गाठ धरत नाही.

तंबूच्या कडीला बोलाइन नावाची गाठ बांधा. तिचा फास सरकत नाही, आवळत नाही आणि सकाळी चुटकीसरशी सुटतो. खुंटीकडच्या टोकाला टॉट-लाइन नावाची गाठ. दोर खुंटीमागून फिरवून परत आणा. मोकळं टोक ताणलेल्या दोराभोवती फासाच्या आतल्या बाजूने, खुंटीच्या दिशेने दोन वेढे द्या. मग त्या वेढ्यांच्या वर, फासाबाहेर, त्याच दिशेने तिसरा वेढा देऊन टोक त्याच्याखालून ओढून घ्या. ही गाठ हाताने सरकते, ताण आला की जागेवर बसते. अंधारात बोटांनी चाचपूनसुद्धा जमली पाहिजे, म्हणून घरी खिडकीच्या गजाला पंचवीस वेळा बांधा. मुलीलाही शिकवा, पोरींची बोटं भराभर शिकतात.

प्रतिसाद 2

मी चंदगडकडचा, शेतकरी. गाठीआधी जागा बघा. खाचर म्हणजे पाणी धरायला केलेली जमीन. थंड हवा जड असते, रात्री ती उतरून अशाच खोलगटात साचते. नदीकाठी दव आणखी जास्त. बांधाच्या वरच्या अंगाला, थोडा उतार असलेल्या जागी तंबू टाका, खाचरापेक्षा नक्कीच कोरडा राहील.

पाणी बाहेरून आलं नाही, तुमच्या श्वासाचं होतं. तिघांचा रात्रभराचा श्वास, दारं-जाळ्या बंद, वर थंड कापड. थंडी वाजली तरी वरच्या झडपा उघड्या ठेवा. आवरण आतल्या कापडाला टेकता कामा नये, त्यासाठीच तर ते दोर ताणायचे.

खुंटी सरळ ठोकू नका. डोकं तंबूपासून दूर कललेलं, साधारण 45 अंशात, आणि दोर खुंटीशी काटकोनात यायला हवा. जांभ्या दगडात खुंटी शिरतच नाही, तिथं हातभर लांब काठीला दोर बांधायचा, काठी आडवी ठेवायची आणि तिच्यावर दगड रचायचे.

थंडी खालून लागते. कितीही जाड पांघरूण असलं तरी अंगाखाली ते दबतं आणि ऊब जाते. पिंजर, म्हणजे भाताचा पेंढा, पसरा, वर ताडपत्री, मग तंबू, आत घोंगडं. पिंजराजवळ चूल मात्र अजिबात नको.

प्रतिसाद 3

चुलीवरून आठवलं. पाऊस असो, थंडी असो, तंबूच्या आत स्टोव्ह किंवा शेगडी पेटवू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. पोरं बरोबर आहेत म्हणून आवर्जून लिहितो.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी गच्चीवर करून बघितलं. जुना नायलॉनचा आणि नवा पॉलिएस्टरचा दोर टाकीच्या नळापासून कठड्यापर्यंत शेजारी शेजारी ताणले आणि दोन्हींवर बादली ओतली. नायलॉन अर्ध्या तासात डोळ्यांना दिसेल इतका झोळला, दुसरा जवळपास तसाच. टॉट-लाइन मुलीला तिसऱ्या खेपेला आली, मला सातव्या.

मामांना फोनवर पिंजराचं विचारलं. म्हणाले, "पिंजर देतो, पण बांधावरच्या फणसाखाली टाक. आणि गाडीवर भारा कसतात ती गाठ मी दाखवणार." दोराला मध्ये फास काढून टोक त्यातून ओवायचं आणि मागे खेचायचं, असं सांगत होते. फोनवर नीट कळलं नाही. ती दोन झाडांत ताडपत्री ताणायला चालेल का? फास कसा काढायचा ते कोणी सविस्तर लिहिलं तर शनिवारी निघण्याआधी सराव करता येईल.