कांद्यावरचं निर्यातशुल्क : भरतो निर्यातदार, मग कर शेतकऱ्यावर कसा?

चौकस_पुणेकर :
१ एप्रिल २०२५ पासून कांद्यावरचं निर्यातशुल्क गेलं. त्याआधीचा क्रम असा : ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के शुल्क, ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर एमईपी (किमान निर्यातमूल्य), ८ डिसेंबरला थेट बंदी. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण ५५० डॉलर एमईपी आणि ४० टक्के शुल्क राहिलं. सप्टेंबर २०२४ मध्ये एमईपी गेली, शुल्क २० टक्क्यांवर आलं. खुल्या बाजाराची बाजू घेणारे म्हणतात की हा सगळा शेतकऱ्यावरचा कर होता. शुल्काचं चलन तर निर्यातदार भरतो. मग कर शेतकऱ्यावर कसा? आणि निर्यात खुली ठेवून शहरात कांदा ऐंशी रुपये किलो झाला असता तर? घोषणा नकोत, हिशेब हवा.

बंदरहिशेब :
चलन कोण भरतो यावरून भार कुणावर ते ठरत नाही. दुबईच्या किंवा कोलंबोच्या खरेदीदारासमोर पाकिस्तान-इजिप्तचा मालही असतो, त्यामुळे तो आपल्या शुल्कासाठी भाव फारसा वाढवून देत नाही.

समजा एफओबी भाव (माल जहाजावर चढवून देण्यापर्यंतची किंमत) किलोला ४० रुपये मिळतोय. प्रतवारी, गोणी, नाशिक ते न्हावाशेवा बंदर भाडं, बंदराचा खर्च मिळून ६ रुपये धरू. शुल्क नसेल तर व्यापारी लिलावात ३४ पर्यंत जाऊ शकतो (त्याचा नफा बाजूला ठेवू). २० टक्के शुल्क म्हणजे ८ रुपये, उरले २६. ४० टक्के म्हणजे १६ रुपये, उरले १८. बरेच जण इथे ४० ला १.४ ने भागतात, ते चूक आहे. १ जानेवारी २००९ पासून कस्टम्स एफओबी किमतीलाच शुल्कपात्र मूल्य धरतं, आतून शुल्क वजा करून उरलेल्या रकमेला नाही. म्हणून ४० टक्क्यांचा मार कागदावर दिसतो त्याहून मोठा बसतो.

आणि हा भाव फक्त निर्यातीच्या मालाचा राहत नाही. लिलावात ट्रॅक्टर उभा असतो तेव्हा कुठली गोणी दुबईला जाणार आणि कुठली दिल्लीला, हे ठरलेलं नसतं. निर्यातवाल्याची बोली खाली आली की सगळ्याच मालाची बोली बसते.

एक मर्यादा सांगतो. काही बाजारांत भारत इतका मोठा पुरवठादार आहे की थोडा भार परदेशी ग्राहकावरही ढकलता येतो. पण त्याची किंमत नंतर मोजावी लागते. २०१९ च्या बंदीनंतर बांगलादेशाने इजिप्त, तुर्कस्तान, चीन, म्यानमारकडून कांदा आणला आणि स्वतःचं उत्पादन वाढवण्याच्या मागे लागला.

चाळवाला :
साठेबाजी हा शब्द फार सैल वापरला जातो, म्हणून चाळीचं (शेतावर कांदा साठवायच्या हवेशीर शेडचं) गणित मांडतो. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये निघतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात लाल कांदा येईपर्यंत देश त्यावरच जगतो, म्हणजे कुणीतरी तो साठवलाच पाहिजे. समजा क्विंटलला १,५०० रुपये भावाचा १०० क्विंटल माल चाळीत टाकला. सप्टेंबरपर्यंत वजनघट, सड आणि कोंब मिळून २८ टक्के गेला तर ७२ क्विंटल हातात राहतो. दीड लाख भागिले ७२ म्हणजे क्विंटलला २,०८३ रुपये झाले. निवडणीची मजुरी आणि गाडीभाडं धरलं की २,२००-२,३०० च्या खाली चाळवाल्याला तोटाच. सप्टेंबरात २,४०० भाव दिसला की बातम्यांत ‘भडका’ असतो, चाळवाल्याच्या हिशेबात तो जेमतेम परतावा असतो. ऑगस्ट २०२३ चं शुल्क नेमकं चाळी भरलेल्या असताना आलं. पुढच्या वर्षी कमी लोक चाळ भरतील, आणि दिवाळीच्या आधीचा तुटवडा तिथूनच सुरू होतो.

साठामर्यादेचंही तेच. ऑक्टोबर २०२० मध्ये घाऊक व्यापाऱ्याला २५ टन मर्यादा घातली. २५ टन म्हणजे एका मोठ्या ट्रकभर माल. लिलावात एका दिवसात त्याहून जास्त घेणारा व्यापारी बोलीलाच उतरला नाही आणि नाशिक जिल्ह्यात काही दिवस लिलाव बंद पडले.

रेशनकार्ड :
शेतकऱ्याचा तोटा मान्य, पण ग्राहकाचा मुद्दा झटकू नका. रोजंदारीवर चालणाऱ्या घरात महिन्याला पाच किलो कांदा लागतो. किलोमागे ४० रुपये वाढले की २०० रुपये गेले.
शिवाय बंदरावर बाजार खुला आणि मार्केट यार्डात मोजकेच परवानाधारक खरेदीदार, तर तुमचे ३४ रुपये शेतकऱ्यापर्यंत पोचणार का?

बंदरहिशेब :
दोन्ही प्रश्न रास्त आहेत. ते २०० रुपये सरकारने रेशनकार्डधारकाच्या खात्यात टाकावेत, तीन-चार महिने. खर्च अर्थसंकल्पात दिसेल, त्यावर सभागृहात चर्चा होईल. निर्यात रोखली की तेच पैसे लिलावातून कापले जातात आणि खासगी गाडीतून फिरणाऱ्यालाही स्वस्त कांद्याचा तोच लाभ मिळतो. २०१२ पायाभूत वर्षाच्या, महागाई मोजणाऱ्या ग्राहक निर्देशांकात कांद्याचं वजन ०.६४ टक्के होतं. भाव दुप्पट झाला तरी तो निर्देशांक साधारण ०.६४ टक्क्यानेच हलायचा. एवढ्यासाठी निर्यात तोडणं हे राजकारण आहे, महागाईचं व्यवस्थापन नव्हे.

यार्डाबद्दल सहमत. २०१६ मध्ये राज्याने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर नियमनमुक्त केला, आडत (दलाली) शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरवलं. दिशा बरोबर होती. नवे खरेदीदार मात्र तेव्हाच येतात जेव्हा पुढच्या महिन्यात निर्यात चालू असेल याची खात्री असते.

खुल्या बाजाराची बाजू घेणाऱ्यांनी मग मदतही मागू नये, हेही मला पटतं. फेब्रुवारी-मार्च २०२३ च्या पडझडीत राज्याने क्विंटलला ३५० रुपये, २०० क्विंटलपर्यंत दिले. सातबाऱ्यावर कांद्याची नोंद नसलेले त्यात अडकले. निर्यातीत कापायचं आणि अनुदानात थोडं परत द्यायचं, या फेऱ्यात देणारा कायम सरकार राहतो. शेतकरी संघटनेचे शरद जोशी ज्याला उणे सबसिडी म्हणत ती हीच.

कलम_वाचक :
इथे एक गोष्ट कायम निसटते. सरकारच्या हातात एक नाही, तीन वेगळी हत्यारं आहेत. साठामर्यादा अत्यावश्यक वस्तू कायदा १९५५ खाली. बंदी आणि एमईपी विदेश व्यापार कायदा १९९२ च्या कलम ३ खाली, अधिसूचना डीजीएफटीची (विदेश व्यापार महासंचालनालय). शुल्क वाढवायचं ते कस्टम्स टॅरिफ कायद्याच्या कलम ८ खाली.

२०२० च्या तीन कृषी कायद्यांपैकी एक असलेल्या अत्यावश्यक वस्तू कायद्याच्या दुरुस्तीने फक्त पहिल्याला हात लावला, म्हणून ती लागू असतानाच १४ सप्टेंबर २०२० ला निर्यातबंदी येऊ शकली. त्या दुरुस्तीतली अटही कच्ची होती. फळं-भाज्यांचा किरकोळ भाव गेल्या वर्षीच्या किंवा पाच वर्षांच्या सरासरीच्या, यांपैकी जो कमी असेल त्याच्या दुप्पट झाला तर मर्यादा घालता येणार होती. ऑक्टोबर २०२० ला देशातला सरासरी भाव ५५.६० रुपये होता. वर्षभरापूर्वीच्या तुलनेत वाढ २२ टक्के, पण पाच वर्षांची सरासरी २५.८७ असल्याने तिच्या तुलनेत ११५ टक्के. सरासरीत मंदीची वर्षं असली की अट आपोआप पूर्ण होते. पुढे २०२१ मध्ये तिन्ही कृषी कायदे रद्द झाले आणि हीसुद्धा गेली.

बंदी म्हणजे व्यापार थांबतो असंही नाही, तो परवानगीवर चालतो. एप्रिल २०२४ मध्ये गुजरातच्या २,००० टन पांढऱ्या कांद्याला परवानगी मिळाली, महाराष्ट्रात ओरड झाल्यावर सहा देशांसाठी ९९,१५० टनांचा आकडा पुढे आला. किती, कुणाला, कुठल्या बंदरातून हे दिल्लीत ठरतं. पुढे लोकसभेला नाशिकच्या कांदापट्ट्यातल्या दिंडोरीच्या मतदारांनी सत्ताधारी उमेदवाराला पाडून आपलं म्हणणं मतपेटीतून कळवलं आणि विधानसभेच्या तोंडावर शुल्क निम्मं झालं.

चौकस_पुणेकर :
शुल्काचा हिशेब समजला. पूर्ण मोकळीक कुठलंही सरकार देणार नाही असं धरलं, तर किमान काय मागावं?

कलम_वाचक :
झालेल्या सौद्यांना संरक्षण. विदेश व्यापार धोरणाच्या परिच्छेद १.०५ मध्ये ते आहे : बंदीआधी उघडलेल्या, नोंदवलेल्या अपरिवर्तनीय एलसीचा (लेटर ऑफ क्रेडिट, खरेदीदाराच्या बँकेचं पैशाचं हमीपत्र) माल जाऊ द्यायचा. सप्टेंबर २०२० च्या कांदा अधिसूचनेत हीच तरतूद लागू नाही असं लिहून टाकलं होतं. ते वाक्य पुन्हा कधी लिहिता येऊ नये, ही पहिली मागणी.
दुसरी शुल्काबाबत. दर सौद्याच्या तारखेचा नाही, कस्टम्सने माल चढवायची परवानगी दिली त्या तारखेचा लागतो. रांगेत उभा असलेला कंटेनर रातोरात ४० टक्क्यांत जातो. त्यामुळे वाढीव दर लागू होण्याआधी निदान ३० दिवसांची मुदत मागा.