उतारावर न्यूट्रल करण्याची सवय कशी मोडावी? मदत हवी आहे

बंगळुरूहून चाकणला परतणारे आमचे काही चालक कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर डिझेल वाचवण्यासाठी ट्रक न्यूट्रल करतात. गिअरमध्ये राहून ॲक्सिलरेटर सोडल्यास आजच्या इंजिनांत इंधनपुरवठा आपोआप थांबतो. त्यामुळे न्यूट्रलमध्ये बचत तर होत नाहीच, उलट इंजिनाचा रोध गेल्याने सारा भार ब्रेकवर येऊन ते तापतात, हे सांगूनही जुन्या चालकांना पटत नाही. ॲव्हरेजनुसार बक्षीस देण्याची पद्धतच (जी मला अन्यथा योग्य वाटते) या सवयीला खतपाणी घालत असावी. बक्षीस चालू ठेवून ज्यांनी हा प्रकार थांबवला आहे, त्यांनी चालकांना कसे समजावले आणि गाडीतील कोणत्या यंत्रणेवरून न्यूट्रलचा वापर ओळखता येतो, हे कृपया सांगावे.