नट आलाच नाही तर काय? दंड, वेळापत्रक आणि आवाज

कमी पैशांत सिनेमा करणाऱ्यांची ही चर्चा, टोपणनावांनी.

एकटा निर्माता: नाममात्र मानधनावर काम करणारे नट ऐनवेळी दगा देतात. उपाय एकच. करारात दंडाचं कलम घाला, आणि एकदा उशीर झाला की नारळ द्या. दुसरा नट उभा करा. दयामाया दाखवली की सिनेमा बुडतो.

तिसरी घंटा: हे वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते. १२ दिवसांच्या शूटमध्ये सातव्या दिवशी मुख्य नटाला नारळ दिलात, तर आधीच्या सहा दिवसांतले त्याचे सगळे सीन पुन्हा घ्यावे लागतात. समोरच्या नटाचं कामही त्यातच वाया जातं, कारण दोघं एका फ्रेममध्ये आहेत. लोकेशन पुन्हा मिळवा, सगळ्यांच्या तारखा पुन्हा जुळवा. आणि ज्याला जेमतेम मानधन आहे, त्याचा दंड कशातून कापणार?

बेभरवशाचा माणूस शूटच्या आधीच ओळखू येतो. निवड झाल्यावर एक वाचन, एक लुक टेस्ट (मेकअप-कपड्यांची चाचणी) आणि एक तालीम ठेवा, तिन्ही वेगवेगळ्या दिवशी. यातल्या दोन वेळा जो ‘जरा अडकलोय’ म्हणतो, त्याला तिथेच सोडा. त्या टप्प्यावर बदलायला फार काही लागत नाही. उरलेल्यांपैकी ज्याची शंका वाटते, त्याचे सगळे सीन सलग दिवसांत आणि शूटच्या पूर्वार्धात लावा. चार दिवसांचं काम तीन आठवड्यांत विखुरलंत, तर मधल्या काळात तो दुसरं काम घेणार, दाढी काढणार, केस कापणार.

एकटा निर्माता: स्पॅनिश दिग्दर्शक बुन्युएलने १९७७ च्या सिनेमात एकाच पात्रासाठी दोन अभिनेत्री घेतल्याच होत्या. चेहरा बदलला म्हणून आकाश कोसळत नाही.

तिसरी घंटा: तिथे दोघी आलटूनपालटून संपूर्ण सिनेमाभर दिसतात. तो त्या सिनेमाचा खेळच आहे. तुमच्याकडे मध्यंतरानंतर नायकाचा चेहरा बदलेल. हे उदाहरण इथे लागू नाही.

कॉल शीट: दोघांनाही एक विचारतो. नट उशिरा का येतो? सगळ्या युनिटला सकाळी सातचा सरसकट कॉल, म्हणजे हजर राहण्याची वेळ, दिला जातो, नट दोन वाजेपर्यंत बसून राहतो, आणि दुसऱ्या दिवशी तो अकराला उगवतो. त्यात चूक त्याची कमी आणि आपली जास्त. पहिला शॉट साडेनऊला असेल तर मेकअपची ४० मिनिटं, कपड्यांची १५ आणि जागेवरच्या तालमीची २० उलटी मोजा. त्याचा कॉल सव्वाआठचा. रात्री कॉल शीट, म्हणजे उद्याच्या वेळांचा कागद, पाठवल्यावर ‘पोचली’ एवढं उत्तर येईपर्यंत फोन सोडू नका.

कात्री: तरीही नट मध्येच निघून जाईल, हे धरूनच शॉटचा क्रम लावा. शिरस्ता मास्टर, म्हणजे अख्खा सीन एकत्र दाखवणारा शॉट, आधी घेण्याचा आहे. अशा नटाच्या बाबतीत आधी त्याचा क्लोजअप, मग दोघांचा शॉट, मग समोरच्याच्या खांद्यावरून त्याच्या तोंडावरचा ओव्हर-शोल्डर घ्या. समोरच्याचा क्लोजअप शेवटी. तोवर हा गेला असला तरी चालतं. लेन्सच्या बाजूला त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर टेपचा तुकडा लावा आणि सहायकाने तिथूनच संवाद वाचावेत. त्याचा शर्ट दोन नग घेऊन ठेवा, म्हणजे पाठमोऱ्या शॉटला दुसरा माणूस उभा करता येतो.

तिसरी घंटा: नट तापायच्या आधीच क्लोजअप? सीनचा सगळ्यात नाजूक शॉट तुम्ही सगळ्यात कच्च्या अभिनयावर घ्यायला सांगताय.

कात्री: कच्चा क्लोजअप कापून वापरता येतो. न घेतलेला वापरता येत नाही.

बूम: सगळे चित्राचंच बोलताय. हा नट डबिंगला येणार आहे का? शूटला जो येत नाही, तो दोन महिन्यांनी स्टुडिओत मुळीच येत नाही. शॉट ओके झाला की कॅमेरा बंद करा, पंखा-फ्रिज बंदच राहू द्या, बूम (काठीवरचा माइक) तेवढ्याच अंतरावर धरा आणि त्याच्याकडून संवाद त्याच लयीत तीनदा म्हणवून घ्या. वर ३० सेकंद रिकाम्या खोलीचा आवाज. नाहीतर संकलनात प्रत्येक जोड ऐकू येतो.

एकटा निर्माता: एवढा वेळ कुणाकडे आहे? सीनला दहा मिनिटं, दिवसाला पाच सीन, म्हणजे ५० मिनिटं गेली. दुसऱ्या आवाजात डब करून घ्या!

बूम: हे धादांत चूक आहे. अर्ध्या सीनमध्ये त्याचा खरा आवाज आणि अर्ध्यात दुसऱ्याचा, हे पहिल्याच वाक्याला खटकतं. मग अख्खी भूमिका पुन्हा डब करा, म्हणजे श्वास, पावलं, कपड्यांची सळसळ सगळं नव्याने उभं करा. आवाज शेवटी बघू म्हणणारेच शेवटी रडतात.

कात्री: बूमचं म्हणणं पटतं, पण सरसकट नको. लेपल (अंगावर लावलेला छोटा माइक) कपड्याला घासला, वरून विमान गेलं, असे बिघडलेले संवाद साउंड रिपोर्टवर, म्हणजे आवाजाच्या नोंदींच्या कागदावर, खूण करून तेवढेच पुन्हा घ्या.

बूम: रिपोर्ट कुणी नीट लिहीत असेल तर चालेल.

एकटा निर्माता: ठीक आहे, दंडाचं कलम मागे घेतो. पण संमतीपत्रावर सही पहिल्या शॉटच्या आधी, यावर मी हटणार नाही. सही न करता नट गेला तर घेतलेलं फुटेजही अडकतं.

कॉल शीट: ते मान्य. आणि मानधनाचा शेवटचा हप्ता डबिंग संपल्यावर, हे त्याच कागदावर लिहा. पहिला हप्ता मात्र वेळेत द्या, नाहीतर तो कुठल्या तोंडाने वेळेवर येईल?