कर्करोग संसर्गजन्य नसेल, तर विषाणूमुळे तो होतो कसा?

मृण्मयी:
माझ्या आईला गर्भाशयमुखाचा कर्करोग झाल्याचे निदान गेल्या महिन्यात झाले. कारण सांगताना डॉक्टरांनी एचपीव्ही या विषाणूचे नाव घेतले आणि तेव्हापासून काही नातेवाईक तिच्याजवळ बसायलाही कचरू लागले आहेत. कर्करोग संसर्गजन्य नाही, असे आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो. मग विषाणूमुळे तो होतो, याचा अर्थ काय समजायचा? शिवाय आई कधी तंबाखूच्या वाटेला गेली नाही आणि माझे मामा चाळीस वर्षे सिगारेट ओढूनही ठणठणीत आहेत. मग व्यसन, प्रदूषण, संसर्ग यांना कर्करोगाची कारणे म्हणताना ‘कारण’ हा शब्द नेमक्या कोणत्या अर्थाने वापरतात?

पेशीवाचक:
मृण्मयीताई, सर्वप्रथम नातेवाइकांना हे निःसंकोचपणे सांगा की आईजवळ बसल्याने, तिला मिठी मारल्याने किंवा तिच्यासोबत जेवल्याने कोणालाही काहीही होणार नाही. संसर्ग विषाणूचा होतो, कर्करोगाचा नव्हे. एचपीव्ही मुख्यतः लैंगिक संबंधांतून पसरतो आणि तो इतका सर्वत्र आढळतो की बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात केव्हा तरी त्याची लागण होतेच. बहुसंख्य लोकांची प्रतिकारशक्ती एक-दोन वर्षांत त्याला हुसकावून लावते आणि त्यांना त्याचा पत्ताही लागत नाही.

ज्या थोड्या जणींमध्ये तो ठाण मांडून बसतो, तिथे प्रश्न सुरू होतो. त्याच्या अनेक प्रकारांपैकी १६ आणि १८ या क्रमांकांचे दोन प्रकार गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कर्करोगांमागे असतात. पेशीच्या जनुकांत बिघाड झाला तर तिची वाढ थांबवणारे किंवा तिला मरायला लावणारे पी-५३ नावाचे प्रथिन आपल्या शरीरात असते. या विषाणूचे ई-६ हे प्रथिन त्याचा नाश घडवून आणते, आणि ई-७ हे दुसरे प्रथिन पेशीविभाजनाला आवर घालणारी यंत्रणा निकामी करते. अशा बेलगाम पेशींमध्ये एकामागून एक बिघाड साचत जातात आणि त्यातून कर्करोग उभा राहायला सामान्यतः १५ ते २० वर्षे लागतात. म्हणूनच लागण कधी आणि कोणाकडून झाली, हे आज कोणीही सांगू शकत नाही. कृपा करून हा प्रश्न घरात उपस्थितच होऊ देऊ नका, कारण आजारी बाईला त्यातून केवळ मनस्ताप मिळतो.

सांख्यिकी_अभ्यासक:
तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो. इथे ‘कारण’ म्हणजे शक्यता वाढवणारी गोष्ट. ती असली की रोग होणारच किंवा ती नसली तर होणारच नाही, असा त्याचा अर्थ नाही. १७७५ मध्ये पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यचिकित्सकाने धुराडी साफ करणाऱ्यांच्या वृषणकोशाच्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला, तेव्हाही काजळीत काम करणाऱ्या प्रत्येकाला तो रोग झाला नव्हता.

तंबाखूच्या धुरातील बेंझोपायरीन हे द्रव्य बाहेर टाकता यावे म्हणून शरीर त्याचे रूप पालटते, पण त्या धडपडीत तयार होणारा एक पदार्थ डीएनएला चिकटतो आणि पुढच्या विभाजनात जनुकाची नक्कल चुकू शकते. यांतल्या बहुतेक चुका पेशी दुरुस्त करते. ज्या सुटतात, त्या कोणत्या जनुकात घडल्या यात योगायोगाचा वाटा मोठा असतो. तुमचे मामा आजवर बचावले याचा अर्थ एवढाच. त्यांनी आजही सिगारेट सोडली तर लाभ आहे: सोडल्यानंतर दहा वर्षांनी फुप्फुसाच्या कर्करोगाने मृत्यू येण्याचा धोका, ओढत राहणाऱ्याच्या तुलनेत जवळपास निम्म्यावर येतो.

कारणे एकमेकांना बळही देतात. ॲस्बेस्टॉसच्या धुळीत काम करणारा माणूस धूम्रपानही करत असेल, तर त्याच्या फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका दोन्ही धोक्यांच्या बेरजेपेक्षा बराच अधिक भरतो. बुरशी लागलेल्या धान्यातील अफ्लाटॉक्सिन हे विष आणि हिपॅटायटिस-बी हा विषाणू यांची यकृतावर अशीच जोडगोळी जमते.

विवेक_वा:
कर्करोगाला कारण ठरणाऱ्या गोष्टींच्या यादीत प्रक्रिया केलेले मांस आणि तंबाखू एकाच गटात आहेत, असे मी वाचले होते. मग दोन्ही सारखेच घातक मानायचे का?

सांख्यिकी_अभ्यासक:
नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचे हे गट पुरावा किती भक्कम आहे ते सांगतात, धोका किती मोठा आहे ते नव्हे. या भेदाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे लोक विनाकारण घाबरतात, किंवा सगळेच घातक आहे असे मानून तंबाखूही सोडत नाहीत.

पेशीवाचक:
एक भर घालतो. प्रत्येक जंतू एचपीव्हीसारखा पेशीचा ताबा घेत नाही. जठरात राहणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू तिथे वर्षानुवर्षे दाह टिकवून ठेवतो; इजा झालेल्या पेशींच्या जागी सतत नव्या पेशी घडत राहतात आणि प्रत्येक विभाजनासोबत चुकीची संधी वाढते. हिपॅटायटिस-सीमुळे यकृतातही बरेचसे असेच घडते. संसर्ग हे कारण असण्याची एक जमेची बाजूही आहे, ती म्हणजे तो रोखता येतो. तैवानने १९८४ मध्ये नवजात बालकांना हिपॅटायटिस-बीची लस देण्यास प्रारंभ केला आणि पुढे तिथल्या मुलांमधील यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण स्पष्टपणे घटले.

मृण्मयी:
आपणा दोघांची मनापासून आभारी आहे. पहिले उत्तर मी आईला वाचून दाखवले आणि आता मामांनाही पाठवते आहे. मी बत्तीस वर्षांची आहे. मी एचपीव्हीची लस घ्यावी की तपासणी करावी?

पेशीवाचक:
तपासणी आधी करा. लस पुढची लागण टाळते, झालेली बरी करत नाही. म्हणून ती किशोरवयात सर्वाधिक उपयोगी पडते. तुमच्या वयात ती घ्यावी का, हे स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलून ठरवा. एचपीव्ही चाचणीत विषाणूची लागण कळते, तर गर्भाशयमुखाच्या पेशींच्या पॅप तपासणीत त्यांच्यातला बदल कर्करोग होण्यापूर्वीच सापडू शकतो आणि तेवढाच भाग काढून टाकता येतो. लस घेतली तरी पुढच्या तपासण्या चुकवू नका, कारण लस विषाणूच्या सगळ्याच प्रकारांना रोखत नाही.