बोट नुसती उभी असली तरी बॅटरी उतरते, काय बघू? बजेट ३ हजार

बॅकवॉटरवाला
नमस्कार मंडळी. आम्हा चौघांत मिळून एक छोटी फायबरची बोट आहे, २५ एचपीचं आउटबोर्ड इंजिन, सेल्फ स्टार्ट. बॅटरी १२ व्होल्ट ६५ एएच (अँपिअर-अवर), फार जुनी नाही. फुल चार्ज करून ठेवली की १२.७ दाखवते आणि पंधरा दिवसांनी गेलो की ११.४, सेल्फ नुसता टक् करतो. मेन स्विच प्रत्येक वेळी बंद करूनच येतो. पावसाळ्यात तर महिना महिना कोणी फिरकत नाही. बॅटरी बदलायची की फॉल्ट शोधायचा? बजेट ३ हजार, त्याच्या वर गेलं की चौघांतले दोघं पैसे काढत नाहीत. धरणाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, विषय भरकटेल.

सातपूरचा_शाम
भाऊ लिथियम घे. मी घरच्या इन्व्हर्टरला लिथियम आयर्न फॉस्फेट घेतली, पाणी टाकणं नाही, वास नाही, सहा महिने पडून राहिली तरी जशीच्या तशी. १०० एएचचे वीस-पंचवीस हजार जातील पण डोक्याला ताप नाही.

बॅकवॉटरवाला
दादा बजेट ३ हजार लिहिलंय.

सातपूरचा_शाम
हो वाचलं. पण स्वस्तात घेऊन दोनदा रडण्यापेक्षा एकदाच घेतलेलं बरं.

द्राक्षबाग_निफाड
ट्रॅक्टरची बॅटरी टाका. आमचा ट्रॅक्टर फवारणी संपली की तसाच शेडमध्ये पडून असतो, एक बटण मारलं की चालू. फक्त बॅटरी काढून ठेवली तर फरशीवर ठेवू नका, लाकडी फळीवर ठेवा, फरशी करंट ओढून घेते.

गोदाकाठी
कुठलं धरण ते सांगा ना. गंगापूर असेल तर ते नाशिकचं पिण्याचं पाणी आहे. त्यात पेट्रोलचं इंजिन फिरवता आणि वर बॅटरीचा सल्ला विचारता? परवानगी आहे का? इनलँड व्हेसल्स अ‍ॅक्ट २०२१ चा आहे, वाचून घ्या.

बॅकवॉटरवाला
म्हणूनच नाव लिहिलं नव्हतं. कागदपत्रं आहेत. विषय बॅटरीचा आहे.

ओझरचा_आजोबा
तीस वर्षं विमानाच्या वायरिंगवर काम केलं आहे म्हणून दोन शब्द. आधी निफाडकरांना. फरशीने बॅटरी उतरते हे लाकडी आणि रबरी पेट्यांच्या काळातलं आहे, आताच्या प्लास्टिकच्या पेटीला फरशी काही करत नाही. लेड अ‍ॅसिड बॅटरी स्वतःहून उतरते ती महिन्याला साधारण ३ ते ५ टक्के, उन्हाळ्यात थोडी जास्त. तुमची पंधरा दिवसांत संपते म्हणजे काहीतरी खातंय. नवीन टाकली तर ती पण संपेल.
करायचं असं. सगळे स्विच बंद करून बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. मल्टीमीटर १० अँपिअरवर घ्या, लाल पिन १० अँपिअरच्या वेगळ्या भोकात, आणि सुटलेली वायर व निगेटिव्ह टोक यांच्यामध्ये मीटर लावा. जो आकडा दिसेल तो बोट झोपेत किती खाते त्याचा. मग एकेक फ्यूज काढत जा, ज्या फ्यूजला आकडा धपकन पडला ती लाइन चोर. ५० मिलीअँपिअर म्हणजे किरकोळ वाटतं पण दिवसाला १.२ एएच होतात, महिन्यात तुमची निम्मी बॅटरी गेली.
मीटर लावलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका.

मखमलाबादी
सेल्फ मारू नका हे एकदम खरं. आमच्याकडे गाडीवर एकाने मारला, मीटर असा भाजला की वासावरून शेजारची बाई विचारायला आली. नवीन मीटर आणला तर त्याचे पण पैसे माझ्याकडूनच घेतले.

वल्हवीर
बोटीला बॅटरी लागतेच कशाला? वल्ही मारा. आपल्या नाशिकच्या दत्तू भोकनळने २०१६ ला रिओ ऑलिम्पिकमध्ये वल्ही मारूनच १३वा नंबर काढला. गंगापूर धरणावर तयार झालेला मुलगा.

चांदवडकर
गंगापूर धरणावर नाही हो. तळेगाव रोहीचा, आमच्या तालुक्यातला. आर्मीत गेला आणि रोइंग पुण्याला शिकला. त्याआधी विहिरी खोदायच्या कामावर होता. श्रेय घ्यायला नाशिक शहरवाले बरोबर पुढे.

वल्हवीर
जिल्हा तर नाशिकच ना?

चांदवडकर
जिल्हा नाशिकच, धरण नाही.

सिडको_इलेक्ट्रिकल
धाग्यावर या. बोट पाण्यात असते का बाहेर? बिल्ज पंप (तळातलं पाणी उपसणारा) ऑटोमॅटिक आहे का? फ्लोट स्विचचा (पाणी चढलं की तरंगून चालू होतो तो) पंप बहुतेक ठिकाणी मेन स्विचला बायपास करून थेट बॅटरीवर असतो, आणि तो तसाच हवा, नाहीतर पावसात बोट भरून बुडेल. पण बोटीत कुठून पाणी झिरपत असेल तर पंप दिवसभर चालू-बंद होत राहतो, चालताना ३-४ अँपिअर घेतो, तुम्हाला तिकडे बसून कळत पण नाही. किंवा फ्लोटखाली गाळ-शेवाळ अडकून तो वरच राहतो आणि पंप कोरडाच घरघर करत बसतो.

बॅकवॉटरवाला
पाण्यातच बांधलेली असते, वर ताडपत्री. पंप ऑटोमॅटिक आहे. तळ कोरडाच असतो म्हणजे पंप काम करतोय ना?

सिडको_इलेक्ट्रिकल
किंवा चोवीस तास करतोय. कान लावून बघा.

सातपूरचा_शाम
लिथियममध्ये बीएमएस असतो, बॅटरी फार खाली गेली की स्वतःच बंद करतो. पंप चालू राहिला तरी बॅटरी वाचते.

सिडको_इलेक्ट्रिकल
बॅटरी वाचते आणि बोट बुडते. छान.

मखमलाबादी
मीटरबद्दल वर कोणी लिहिलंय का माहीत नाही, पण निगेटिव्ह काढून मध्ये मीटर लावायचा आणि फ्यूज काढत जायचे. त्याने कळतं.

ओझरचा_आजोबा
मीच लिहिलंय.

कॉलेजरोड_कुमार
२० वॅटचं सोलर पॅनल आणि छोटा चार्ज कंट्रोलर, विषय कट. बजेटमध्ये बसतं. चांगल्या उन्हात दिवसाला ४-५ एएच सहज टाकतं. मी कॅराव्हानवर लावलंय, फोटो टाकू का?

ओझरचा_आजोबा
गळकी टाकी बुजवायची सोडून नळ मोठा करायचा प्रकार आहे. आणि श्रावणात ऊन कुठून आणणार? आधी मोजा. शिवाय तुमच्या फेऱ्या अर्ध्या तासाच्या, हळू वेगाच्या असतील तर इंजिन बॅटरीला फारसं काही परत देत नाही, कमी आरपीएमला आउटबोर्डचं चार्जिंग नावालाच असतं.
बॅटरीचा वरचा भाग पण पुसा, ओल्या धुळीतून दोन टोकांमध्ये थोडा करंट फिरत राहतो. टोकांवर पांढरं-हिरवं आलं असेल तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा (पाणी आत जाऊ देऊ नका), कोरडं करा, व्हॅसलिन लावा.

बॅकवॉटरवाला
काल जाऊन मोजलं. सगळं बंद, १९० मिलीअँपिअर. बिल्ज पंपाचा फ्यूज काढला, काही फरक नाही. फिश फाइंडरचा काढला, नाही. म्युझिक सिस्टीमचा काढला आणि एकदम १० वर आलं! अ‍ॅम्प्लिफायरची वायर मेन स्विचच्या आधी थेट बॅटरीच्या टोकावर आहे, सीटखाली दिसत नाही अशी. हात लावला तर अ‍ॅम्प कोमट.

ओझरचा_आजोबा
सापडला चोर. १८० मिली म्हणजे दिवसाला ४.३ एएच, १५ दिवसांत ६५. हिशोब तंतोतंत. ती वायर मेन स्विचच्या पलीकडे घ्या, इनलाइन फ्यूज घाला, खर्च शंभर-दोनशे. उरलेले १० मिली सोडून द्या. बॅटरी फुल चार्ज करून एक रात्र वायर न जोडता ठेवा, सकाळी १२.४ च्या खाली दिसली तर समजा वारंवार उतरून आतल्या प्लेटांवर सल्फेट धरलाय, मग दुकानात लोड टेस्ट करून घ्या.

सिडको_इलेक्ट्रिकल
सहमत. पंपाची लाइन मात्र आहे तशीच थेट राहू द्या.

बॅकवॉटरवाला
सगळ्यांचे आभार. पण अडचण अशी की म्युझिक मेव्हण्याने बसवलंय आणि चौघांत तो एक आहे. स्विचमागे घेतलं की दरवेळी ब्लूटूथ आणि सेटिंग पहिल्यापासून करावं लागतं म्हणून तो वायर हलवू देत नाही. त्याच्या घरी इन्व्हर्टरची १५० एएचची ट्यूब्युलर पडून आहे, ती फुकट देतोय. ४.३ ने महिनाभर जाते. तीच टाकतोय.

ओझरचा_आजोबा
पन्नास किलोच्या वरची बॅटरी त्या बोटीच्या मागच्या टोकाला? ट्यूब्युलर सावकाश देण्यासाठी असते, सेल्फ मारायला नाही. बोट हलली की अ‍ॅसिड बाहेर. आणि फुकट का देतोय ते विचारलंत का?

सातपूरचा_शाम
यापेक्षा लिथियम बरी होती.

बॅकवॉटरवाला
रविवारी टाकतोय, दोरी पण आहे इंजिनला ओढायला. कळवतो.

द्राक्षबाग_निफाड
ती ६५ची देणार का? भंगारच्या भावाने घेतो, लोड टेस्ट मी करून घेईन. येवल्याला जाताना उचलतो, पण फरशीवर ठेवलेली नसावी.